निरवांगीला आभाळ जोडायला गेलो तेव्हा

शोभाचा निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत होते. निरोप असा होता: "बाई अश्विनी नाशिक नाही जाणार. नर्सिंग नंबर लागला. मी कारण. तुम्ही ये."

शोभा माझी विद्यार्थिनी. जन्मापासून बहिरी. पुण्यातल्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी सगळी नोकरी केली, तिथे ती सातव्या वर्षी आली आणि दहावी होऊन गेली. लिहिताना तिचं मराठी असं तुटक येतं, कारण तिची खरी भाषा हातांत आहे. त्या भाषेत ती इतकी भरभर आणि नेमकी बोलते की माझीच दमछाक होते. लग्न होऊन ती इंदापूर तालुक्यात निरवांगीला गेली. नवरा, सासरा आणि मुलगी अश्विनी, तिघांनाही ऐकू येतं. पण आईची भाषा पुरती येते ती एकट्या अश्विनीला.

त्यांची वस्ती गावाबाहेर ओढ्याच्या खळग्यात आहे. तिथे फोन कसाबसा लागतो, बोलणं होतं, पण समोरच्याचं चित्र काही येत नाही. तुम्हाआम्हाला तेवढं पुरतं. ज्यांची भाषा हातांत आहे त्यांना मात्र चित्राशिवाय फोन म्हणजे नुसतं खोकं. शोभाचा निरोपसुद्धा तिच्या नवऱ्याने कालव्याच्या भरावावर चढून पाठवला होता.

मी लगेच भाचीला फोन लावला. मुक्ता ज्या कंपनीत आहे ती आभाळात उपग्रह सोडते आणि त्यांच्याकडून थेट घराच्या छपरावर इंटरनेट उतरवते. अजून ते सगळ्यांसाठी सुरू झालेलं नव्हतं. चाचणीसाठी काही घरं निवडायची होती, जिथे तार पोचत नाही अशी.

"मावशी, मी नाव सुचवते. पण कबूल करून बसू नकोस कुणाला," ती म्हणाली. "चाचणी ती चाचणी."

नाव मंजूर झालं तेव्हा अश्विनीच्या हातात तीनच दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नाशिकला हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

मोरगाव

ऑक्टोबरचं ऊन सकाळी नऊलाच कडक झालं होतं. मुक्ता गाडी चालवत होती आणि मागच्या सीटवर पट्टा लावून ते खोकं बसवलं होतं, नव्या नवरीसारखं. जेजुरी मागे पडल्यावर रान मोकळं व्हायला लागतं. मोरगावच्या आसपास बाजरी काढून झाली होती, ज्वारी वीतभर वर आली होती आणि मधल्या पडक रानात शेळ्या पांगल्या होत्या. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. माझं आभाळ दोन इमारतींच्या मधलं. इथे ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं पाहिलं की मला आधी जरा उघडंच वाटतं.

देवदर्शन उरकून आम्ही एका घरगुती खाणावळीत जेवलो. बाजरीची भाकरी, पिठलं, आणि ठेचा असा की मुक्ताच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या बाईंनी गाडीतलं खोकं पाहिलं होतं.

"सोलर हाय का त्ये?"

मुक्ताने समजावलं. रॉकेटमधून उपग्रह वर नेतात, पापडांच्या चळतीसारखे एकावर एक रचून. वर गेले की एकेक सुटा होतो. मग तिथून इंटरनेट खाली येतं.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "इंटरनेट वरनं येतंय, मग पाऊस तेवढा का येत न्हाय आमच्याकडं?"

मुक्ताने आणखी एक भाकरी घेतली.

निमगाव केतकी

बारामती आली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना रंग बदलतो. कालव्याचं पाणी, ऊस, डाळिंबं. तासाभरापूर्वी पाहिलेलं कोरडं रान याच जिल्ह्यातलं, हे सांगून पटू नये.

गाडीत मी मुक्ताला विचारलं, "पण एवढे उपग्रह कशाला लागतात? एक मोठा सोडला तर नाही का भागत?"

"जुने होते ना तसे, खूप उंच, एका जागी थांबलेले," ती म्हणाली. "पण तिथपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो. बोललं की उत्तर रेंगाळत येतं. म्हणून हे जमिनीच्या जवळ सोडतात. जवळ असलं की पळत राहावं लागतं, नाहीतर खाली पडेल. आणि पळतोय म्हणजे आपल्या डोक्यावर फार वेळ टिकत नाही. मग एकामागून एक लागतात."

फोनमधला नकाशा आम्हाला सरळ निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात घेऊन गेला. पुढे कोथिंबिरीच्या जुड्या, मागे टेंपो, एका बाजूला कोंबड्यांच्या डालग्या. मुक्ता घामाघूम झाली. शेवटी विड्याची पानं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने आपली पाटी स्वतःच उचलली, शेजारणीची उचलायला लावली आणि गाडीपुढे चालत वाट मोकळी करून दिली. पुण्यात हॉर्नने झालं असतं की नाही कोण जाणे, भांडण मात्र नक्की झालं असतं. इथे त्याने वर खिडकीतून ओंजळभर पानं दिली आणि विचारलं, "कुणाकडं जायचं?"

"निरवांगीला. हणमंतरावांच्या वस्तीवर. त्यांची बायको..."

"मुकी व्हय? लई हुशार बाई. माझ्याकडनंच पानं नेती सासऱ्याला. एक पान शिळं चालायचं न्हाय तिला."

मुकी नाही, बहिरी, असं मी म्हणणार होते. तोवर तो गर्दीत शिरला.

निरवांगी

वस्ती म्हणजे पत्र्याची तीन खणांची घरं, पुढे शहाबादी फरशीची ओसरी, अंगणात एक अवाढव्य चिंच आणि कडेला शेळ्यांचा गोठा. शोभा धावत आली. चाळिशी उलटली आहे, केसांत पांढऱ्या बटा आहेत, पण हसू चौथीतलंच. तिने माझे दोन्ही हात धरले, पाहिले, उलटे करून पाहिले, आणि मग बोलायला सुरुवात केली ती इतकी भरभर की मी "हळू, हळू" अशी खूण केली.

या घराची एक रीत मला लगेच जाणवली. इथे कुणी पाठमोरं बोलत नाही. आमच्याकडे एकजण स्वयंपाकघरातून ओरडतो, दुसरा न्हाणीघरातून उत्तर देतो. इथे शोभाला काही सांगायचं तर उठून तिच्यासमोर जावं लागतं. लांबून बोलवायचं असलं तर तिचे सासरे, आबा, काठी फरशीवर दोनदा आपटतात. तिला ते तळपायांना कळतं.

नवरा हणमंतराव साखर कारखान्यात कामाला. अबोल, पण मायाळू माणूस. त्याला कामापुरत्या खुणा येतात: जेव, पाणी, पाहुणे, झोप.

अश्विनी अठरा वर्षांची. तिने चहा दिला आणि मी विषय काढायच्या आत स्वतःच म्हणाली, "बाई, आईनं तुम्हाला उगाच त्रास दिला. मला नर्सिंग आवडतच नाही. रक्त बघवत नाही मला."

"मग अर्ज का भरलास?"

"मैत्रिणींनी भरला म्हणून."

मुक्ता तोवर जागा शोधत हिंडत होती. फोनमधलं एक साधन आभाळाकडे धरून ती बघायची, कुठून किती आकाश मोकळं आहे. घराच्या छपरावरून अर्धं आकाश चिंचेने व्यापलेलं.

आबा काठी टेकत आले. "ताई, झाड न्हाय तोडायचं. आधीच सांगून ठिवतो."

"आबा, मी तोडा म्हणणारच नाही. गोठ्यावरून बरं दिसतंय. थोडी फांदी आड येईल, कधी कधी चित्र थांबेल. चालेल?"

"माणसं बी बोलता बोलता थांबत्यात. चालंल."

गोठ्यावर चढताना मुक्ताचा तळहात पत्र्याच्या कडेने चांगला लांब कापला. रक्त मनगटावरून वाहायला लागलं. मला तर बघूनच गरगरलं. अश्विनीने पळत येऊन तिला खाली बसवलं, हात वर धरला, स्वच्छ फडक्याने दाबून ठेवला, रक्त थांबल्यावर जखम धुतली आणि इतकी सफाईदार पट्टी बांधली की मुक्ता बघतच राहिली.

शोभाने माझ्याकडे बघून भुवई उडवली. रक्त बघवत नाही म्हणे!

दिवस मावळता मावळता ती चौकोनी पाटी गोठ्यावर बसली. तार खाली घरात आली. मुक्ता बटण दाबणार, एवढ्यात वस्तीवरची लाईट गेली.

"आता सकाळपातुर न्हाय यायची," हणमंतराव म्हणाला.

आम्ही अंगणातच बसलो. आभाळ गडद निळं झालं होतं. शोभाने एकाएकी माझा खांदा हलवला आणि वर बोट केलं. पश्चिमेकडून उजेडाचे ठिपके येत होते, एकामागे एक, सरळ रांगेत, अजिबात न लुकलुकता.

"नवीन सोडलेले आहेत," मुक्ता म्हणाली. "अजून पांगले नाहीत. काही दिवसांनी आपापल्या जागी जातील, मग असे दिसणार नाहीत."

आबांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. "ह्यातला आपला कंचा?"

"आपला असा एक नाही, आबा. जो डोक्यावर असेल तो आपला."

"म्हंजी यष्टीवाणी. येईल ती आपली."

शोभाने अश्विनीला विचारलं, याला काय म्हणायचं. अश्विनीने उपग्रह हा शब्द बोटांनी एकेक अक्षर करून सांगितला. शोभाला तो काही आवडला नाही. तिने क्षणभर विचार केला. डाव्या हाताची मूठ केली, ती पृथ्वी, आणि तिच्यावरून उजव्या हाताची बोटं मुंग्यांच्या ओळीसारखी चालवली. झाला शब्द तयार. त्या घरात तो आता कायमचा आहे.

जेवायला हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या शेंगोळ्या होत्या, तिखट रश्श्यात शिजवलेल्या. कंदिलाच्या उजेडात हात दिसावेत म्हणून सगळे दाटीने बसलो होतो. शोभा अश्विनीशी माझ्याबद्दल बोलत होती आणि दर वेळी एकच खूण करत होती: डाव्या हाताची बोटं पुढे, त्यांच्या पेरांवर उजव्या हाताचा कडेने फटका.

"हे काय म्हणते ती?" मी अश्विनीला विचारलं.

अश्विनी घुटमळली. "ते... तुमचं नाव आहे, बाई. आईच्या सगळ्या वर्गात तुम्हाला हेच म्हणायचे."

"अर्थ काय?"

"पट्टी."

घास माझ्या हातातच राहिला. त्या काळी आमच्या शाळेत खुणांना बंदी होती. मुलांनी ओठ वाचायचे, तोंडाने बोलायचं, हात मागे बांधून बसायचं. हात सुटे राहिले तर मूल बोलायला शिकणार नाही, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मी त्यावर मनापासून विश्वास ठेवला होता. जो हात हले त्यावर पट्टी बसे. शोभाचे हात सगळ्यांत जास्त हलायचे. पुढे शाळांची मतं बदलली, आम्हीच खुणा शिकायला लागलो, आणि मी ते सगळं एका जुन्या चुकीच्या पद्धतीच्या नावावर टाकून मोकळी झाले. पट्टी पद्धतीने धरली नव्हती. माझ्या हातात होती.

मी भाकरी ठेवली आणि शोभाकडे वळून, मला येणाऱ्या मोडक्यातोडक्या खुणांनी म्हटलं, चुकलं माझं. माफ कर.

शोभाने खरकटा हात पुसला. मग तिने अगदी सावकाश, मला कळेल असं सांगितलं. "तुम्ही मारलंत. मला गोवर आला तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसलात. दोन्ही खरं."

"नाव तरी बदल," मी म्हटलं.

ती मोठ्याने हसली. तिचं हसू ऐकायला मोठं आणि खरखरीत आहे, तिला ते माहीत नाही. "नाव एकदा पडलं की पडलं," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी रस्सा ओतला.

दुसरा दिवस

सकाळी मला जाग आली ती मुक्ताच्या "अगं बाई!" ने. लाईट यायच्या आधीच, पहाटे कधीतरी, दाव्याला बांधलेल्या शेळीने मान लांबवून गोठ्यावरून उतरलेली तार मधोमध चघळून तोडली होती. तारेत वीज नव्हती म्हणून ती वाचली. आता ती निवांत रवंथ करत आमच्याकडे बघत होती.

मुक्ताने कंपनीत फोन केला. दुसरी तार पुण्याहून येणार, दोन दिवसांनी.

अश्विनी भांडी घासत होती. "बघा," ती म्हणाली. "मी म्हटलेलं, होणार नाही." आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं. उलट ओझं उतरल्यासारखं होतं, आणि तेच मला खटकलं.

शोभा तुटलेली तार हातात घेऊन उभी होती. तिने तारेची दोन्ही टोकं पाहिली, मग हणमंतरावाकडे पाहून खुणेने काही विचारलं. त्याला आठवलं: कारखान्याच्या फाटकावर कॅमेरे बसवायला बारामतीचा एक माणूस आला होता, त्याच्याकडे अशाच तारा होत्या. त्याने पत्ता सांगितला.

मी म्हटलं, "मुक्ता तार घेऊन जाईल. मी येते. आणि अश्विनी, तूही चल. तार लागली तर लांबून फोन करून बघायला कुणीतरी हवंच."

अश्विनीने आईकडे पाहिलं. आईने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

बारामती

कॅमेरेवाल्याचं दुकान एका बोळात होतं. त्याने तार उलगडली, टोक सोललं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"रॉकेटची हाय म्हणता?"

"उपग्रहाची," मुक्ता म्हणाली. "जोडता येईल का? ही खास बनावटीची असते."

"मॅडम, आत आठच तारा हायत. वर रॉकेट असू द्या न्हायतर विमान, तार ती तारच." अर्ध्या तासात त्याने दोन्ही तुकड्यांना नवी टोकं बसवली, मध्ये जोड घातला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. "आता शेळीला सांगा, पुन्हा खाऊ नको म्हणून."

मुक्ता तार घेऊन वस्तीकडे निघाली. अश्विनी आणि मी बसस्थानकाजवळच्या उपाहारगृहात बसलो. ठरलं असं की तिकडे जोडणी झाली की शोभाच करेल फोन. मिसळ आली, गार झाली. अश्विनी चमच्याने फरसाण एका बाजूला सारत होती.

"काल मुक्ताच्या हाताला पट्टी छान बांधलीस," मी म्हटलं.

तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "मी चार वर्षांची होते तेव्हापासून दवाखान्यात आईचं दुखणं मीच सांगते. डॉक्टर मला विचारतात, मी आईला विचारते. बँकेत मी. शाळेत माझ्याच पालकसभेत मी. बाबा चांगले आहेत, पण ते 'जेव' म्हणतात, 'झोप' म्हणतात, बास. दिवसभरात काय झालं, कुणाचं काय चुकलं, कशाचं हसू आलं, हे आईशी कोण बोलणार? मी गेले की घरात सगळे असतील आणि ती एकटी असेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"हे तिला बोललीस?"

"तिला कसं बोलणार? तिला वाटेल ती ओझं आहे. म्हणून रक्ताचं सांगितलं."

मला वाटलं होतं मी या मुलीला चार गोष्टी सांगेन. मी नुसता पाण्याचा जग तिच्याकडे सरकवला.

तेवढ्यात फोन थरथरला. अश्विनीने तो घाईने पाण्याच्या जगला टेकवून उभा केला, कारण तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. पडद्यावर आधी शेळी दिसली. मग आबांचं नाक. "आवाज येत न्हाय!" ते ओरडत होते. "पोरी, बोल की!" मागून मुक्ताचा आवाज आला, "आबा, बाजूला व्हा, त्यांना आवाज नकोय."

आणि मग शोभा आली. कंबरेपासून वर, दोन्ही हातांसकट, लख्ख. ओढ्याच्या खळग्यातली शोभा, वर जाऊन आभाळ शिवून पुन्हा खाली बारामतीच्या त्या कळकट टेबलावर उतरली होती.

दोघी बोलायला लागल्या. मला निम्मंही कळत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे दोघे वडा हातात धरून बघत राहिले. अश्विनीचे हात आधी लहान लहान चालले होते, मग मोठे झाले, मग एकदम थांबले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"आई म्हणते, आपण इकडे आल्यावर तिनं माझी बॅग भरली."

शोभाने फोन उचलला आणि खाटेवर फिरवला. बॅग उघडी होती. तिने एकेक वस्तू उचलून दाखवली. पांढरे दोन पोशाख, इस्त्री केलेले. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. कागदपत्रांची पिशवी. स्वतःची हिवाळ्यातली शाल. मग फोन पुन्हा उभा केला.

अश्विनी भराभर काहीतरी विचारत होती, डोळे पुसत पुसत, आणि आता ती तोंडानेही बोलत होती, बहुधा न कळत. "आणि दवाखान्यात? बँकेत? तिथं काय करशील?"

शोभाचं उत्तर सावकाश आलं. या वेळी मलाही कळलं. "फोन डॉक्टरसमोर धरीन, तू बोल. तू नसशील तर लिहीन. चुकीचं लिहीन. लोक हसतील. हसू देत. मी बहिरी आहे. लहान नाही."

अश्विनीने तोंडावर हात धरला. पडद्यातली शोभा थोडी थांबली आणि मग माझ्याकडे बघून रागाने हात हलवायला लागली. मी घाबरले, आता काय चुकलं?

"बाई," अश्विनी रडता रडता हसायला लागली, "जरा सरका. तुम्ही खिडकीचा उजेड अडवताय. तिला माझे हात दिसत नाहीयेत."

मी सरकले. थंडगार मिसळ पुढे ओढली आणि दोघींचं चालू असेतो सगळी खाल्ली.

तिसरा दिवस

पहाटे आम्ही सगळे मुक्ताच्या गाडीत कोंबून बारामतीला गेलो. आबा तेवढे घरी, शेळीवर लक्ष ठेवायला. हणमंतराव लेकीबरोबर नाशिकला जाणार होता. आईने मुलीच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती. स्थानकावर आणखी बरीच पोरं कॉलेजांना निघालेली, प्रत्येकाला पोचवायला अख्खं घर.

बस सुरू झाली तसा एकच कालवा उठला. "पोचल्यावर फोन कर!" "डबा खा!" इंजिनाच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येईना. काचा बंद होत्या. सगळे ओरडत होते आणि आतली पोरं कानाला हात लावून "काय? काय?" करत होती.

शोभा आणि अश्विनी मात्र निवांत बोलत होत्या. काचेच्या आत दोन हात, काचेबाहेर दोन हात. बस मागे आली, वळली, फाटकाकडे निघाली, तरी त्यांचं चाललंच होतं. एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "ह्यांचं बरं हाय की वं."

बस रस्त्याला लागल्यावर शोभाचे हात खाली आले. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. वाटेत मी मुक्ताला विचारलं, चाचणी संपल्यावर काय, तेव्हा ती म्हणाली, "ते मला खरंच माहीत नाही, मावशी. मी भांडेन एवढं सांगते."

दुपारी साडेतीनला हणमंतरावाचा फोन आला, आबांना. पोचलो, नाव नोंदवलं. आबांनी काठी फरशीवर दोनदा आपटली. शोभा स्वयंपाकघरातून आली, तेव्हा त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, आपली दोन म्हातारी बोटं चालवत चालवत नेली आणि जमिनीवर टेकवली. पोचली. शोभाने ती खूण बघितली, आणि मग बराच वेळ त्यांच्याकडेच बघत राहिली.

संध्याकाळी सातला अश्विनीने वसतिगृहातून फोन केला. शोभाने फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला. पडद्यात अश्विनीच्या मागे पाच-सहा पलंग, ओळखीच्या नसलेल्या मुली, त्या कुतूहलाने डोकावत होत्या. अश्विनीचे डोळे सुजलेले दिसत होते. शोभाने विचारलं, जेवलीस का? तेवढं मला नीट कळलं.

अश्विनीने हात उचलला आणि चित्र गोठलं. उचललेला हात अर्ध्यातच राहिला.

"चिंचेची फांदी," मुक्ता हळूच म्हणाली. "एक उपग्रह तिच्याआड गेलाय. पुढचा वर आला की सुरू होईल."

आम्ही सगळे त्या थांबलेल्या हाताकडे बघत होतो. शोभा अजिबात गडबडली नाही. तिने फोन हलवला नाही, आम्हाला काही विचारलं नाही. आपले हात मांडीवर ठेवून ती थांबली, समोरचं माणूस शब्द शोधत असावं तशी.

मग चित्र हललं. अश्विनीची पाची बोटं जुळून तोंडाशी गेली.

"काय म्हणती?" आबांनी विचारलं.

सांगायला अश्विनी घरात नव्हती. मीच पुढे झाले आणि म्हटलं, "जेवले म्हणते, आबा."